साठवण-पुरावा

दुसऱ्याच्या संगणकावर ठेवायला दिलेला डेटा तिथे अजून जशाच्या तसा आहे की नाही, हे संपूर्ण फाइल परत न मागवता पडताळण्याची पद्धत. विकेंद्रित साठवण-जाळ्यात डेटा एका कंपनीच्या ताब्यात नसतो. ओळखपाळख नसलेले लोक मोबदला घेऊन तो आपापल्या डिस्कवर ठेवतात. मोबदला घ्यायचा आणि डेटा पुसून जागा मोकळी करायची, हा मोह तिथे असतोच.

गोव्यातल्या ग्रंथालयांना हा विषय जवळचा वाटावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत कागदाला बुरशी येते, वाळवी आणि कसर लागते. पणजीचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय 1832 सालचे. इतके जुने छापील धन जपणे सोपे नाही. समजा, फोंड्याच्या एखाद्या वाचनालयाने जुन्या मराठी नियतकालिकांची 1 जीबीची स्कॅन-फाइल अशा जाळ्यात ठेवली. मूळ अंक कसरीने खाल्ले, तर तीच एकमेव प्रत.

फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, विचारून भागत नाही. साठवणारा तो एकदाच काढून ठेवील, फाइल पुसेल आणि दर वेळी तेच उत्तर देईल. प्रश्न त्याला आधी कळताच कामा नये. इथे मर्कल वृक्ष उपयोगी पडतो. फाइलचे 1 केबीचे 10,48,576 तुकडे पाडायचे, प्रत्येकाचा हॅश काढायचा, दोन-दोन हॅश जोडून पुन्हा हॅश काढायचा. असे करत शेवटी 32 बाइटचा एकच मूळ-हॅश उरतो. वाचनालयाने तेवढाच जपायचा. मग कधीही विचारायचे : 7,41,306 वा तुकडा दाखवा. उत्तरात तो तुकडा आणि तिथून मूळ-हॅशपर्यंतच्या वाटेत जोडीला लागणारे 20 हॅश येतात. त्यांवरून मूळ-हॅश जुळला, तर तुकडा खरा. पान मुळातच धूसर स्कॅन झाले असेल, तर अर्थात ते धूसर पानच खरे ठरते.

2007 साली संगणकशास्त्रज्ञ जुझेप्पे अतेनिएझे आणि सहकाऱ्यांनी यामागचे गणित मांडले. फाइलचा 1 टक्का भाग नाहीसा झाला असेल, तर यदृच्छेने 460 तुकडे तपासल्यावर ते उघडकीस येण्याची शक्यता 99 टक्के असते, मग फाइल कितीही मोठी असो. एखादाच तुकडा गहाळ असेल तर मात्र तो निसटतो. म्हणून फाइल ठेवण्यापूर्वीच तिच्यात जादा तुकड्यांची भर घालतात; काही हरवले तरी उरलेल्यांवरून ती पुन्हा उभी राहते.

तीन प्रतींचे पैसे घेऊन एकच ठेवण्याची लबाडी एवढ्याने पकडली जात नाही. 2020 मध्ये मुख्य जाळे सुरू केलेल्या फाइलकॉइन या विकेंद्रित साठवण-जाळ्यात प्रत्येक प्रत साठवणाऱ्याच्या ओळखीशी बांधून वेगळी संकेतबद्ध करतात. ही क्रिया मुद्दाम संथ ठेवली आहे. 32 जीबीच्या एका सेक्टरला (साठवणीच्या एका गठ्ठ्याला) काही तास लागतात, त्यामुळे ऐन वेळी प्रत बनवून उत्तर देणे जमत नाही. पुरावे देण्याच्या 24 तासांच्या चक्राचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे 48 भाग असतात आणि ठरलेल्या भागात पुरावा येत राहिला नाही, तर साठवणाऱ्याने ठेवलेल्या अनामतीला कात्री लागते.

पुराव्यातून डेटा असल्याचे कळते, तो मागितल्यावर मिळेलच असे नाही. त्यामुळे वाचनालयाने अधूनमधून एखादा अंक प्रत्यक्ष उतरवून उघडून पाहायलाच हवा, आणि मूळ-हॅशची एक नक्कल जाळ्याबाहेर ठेवायला हवी.