साखर वाढायच्या आधी

मराठवाड्यात शुगर बहुतेकदा दुसऱ्याच कामात निघते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेल्या तपासणीत, पायाची जखम महिना झाला तरी भरेना म्हणून, नाहीतर लेकीच्या बाळंतपणात. घरातले हबकतात, कारण कालपर्यंत माणूस धडधाकट होता. पण रिपोर्टवर उमटलेला तो आकडा एका दिवसात तिथं पोचलेला नसतो. लंडनच्या सरकारी नोकरदारांवरचा व्हाइटहॉल नावाचा दीर्घ अभ्यास आहे. त्याचे २००९ साली आलेले निष्कर्ष असे, की पुढे ज्यांना मधुमेह झाला त्यांच्यात आणि इतरांत निदानाच्या १३ वर्षं आधीही फरक दिसत होता. शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद शेवटच्या ५ वर्षांत झपाट्याने ढासळला. उपाशीपोटीची साखर मात्र शेवटच्या ३ वर्षांतच वर उसळली. म्हणजे आपण ज्या आकड्याची वाट पाहत बसतो तो सगळ्यात शेवटी हलतो.

बोअरचं पाणी खोल जातं तेव्हा हेच होतं. मोटर जास्त वेळ चालते, जास्त वीज खाते, पण शेतात पाणी पोचतंय तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. स्नायू, यकृत आणि चरबी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवतं. वर्षानुवर्षं ठेवतं. या काळात साखर तपासली तर नॉर्मल येते आणि माणूस निर्धास्त घरी जातो. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स किंवा इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. तो रक्तात कसा पकडायचा, या शोधाला आता ९० वर्षं होत आली.

बँटिंग आणि बेस्ट यांनी टोरांटोत १९२१ साली इन्सुलिन वेगळं केलं, १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्या रुग्णाला टोचलं गेलं, आणि मधुमेह म्हणजे इन्सुलिनची कमतरता हे समीकरण पक्कं बसलं. त्याला पहिला छेद दिला लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी. त्यांनी रुग्णांना तोंडाने ग्लुकोज दिलं आणि त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन. काहींची साखर वर चढलीच नाही. काहींची मात्र इन्सुलिन अंगात असूनही चढत गेली. हे दुसऱ्या गटातले लोक बहुतेक वयस्क, अंगाने भरलेले, हळूहळू आजारी पडलेले होते. १९३६ साली त्यांनी हे छापलं आणि मधुमेहाचे दोन प्रकार सांगितले, इन्सुलिनला दाद देणारा आणि न देणारा. पण रक्तातलं इन्सुलिन मोजायची सोयच नसल्याने ही गोष्ट वीसेक वर्षं तशीच पडून राहिली.

ती सोय केली न्यू यॉर्कमधल्या ब्राँक्सच्या एका माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी. यॅलो भौतिकशास्त्रातल्या, बर्सन डॉक्टर. किरणोत्सारी आयोडीन लावलेलं इन्सुलिन टोचल्यावर त्यांना दिसलं, की आधीपासून इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात ते जास्त वेळ टिकतं, कारण त्याला चिकटणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार झालेली असतात. इतक्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार होणं तेव्हाच्या तज्ज्ञांना पटलं नाही आणि निबंध नाकारला गेला. तो नकाराचा कागद यॅलो यांनी जपून ठेवला आणि १९७७ साली नोबेल घेताना आपल्या भाषणात दाखवला. बर्सन १९७२ सालीच गेले होते. याच प्रतिपिंडांचा उपयोग करून त्यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत बसवली आणि १९६० साली ती तपशिलाने मांडली. मोठ्या वयात मधुमेह झालेल्या कित्येकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतं, उलट भरपूर होतं. हिम्सवर्थ बरोबर होते.

पुढे १९७९ साली डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी क्लॅम्प पद्धत आणली. शिरेतून इन्सुलिनची ठरावीक धार, सोबत ग्लुकोज, दर ५ मिनिटांनी साखर बघायची, आणि ती स्थिर ठेवायला किती ग्लुकोज लागलं यावरून प्रतिरोध ठरवायचा. आजही खरं मोजमाप हेच मानतात. पण दोनतीन तास माणूस खाटेवर बांधून ठेवणारी ही तपासणी संशोधनापुरतीच. म्हणून १९८५ साली ऑक्सफर्डच्या मॅथ्यूज, टर्नर वगैरे मंडळींनी एक सोपं गणित दिलं, होमा. उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचं इन्सुलिन भागिले ४०५. साखर ९६ आणि इन्सुलिन १८ आलं तर होमा ४.३ येतो. पुष्कळ ठिकाणी २.५ च्या आसपास रेषा मानतात, त्यामुळे ९६ ही अगदी निर्दोष दिसणारी साखर इथं वेगळंच काही सांगून जाते.

हे गणित आपल्याकडच्या तालुक्याच्या लॅबमध्ये का रुजलं नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. इन्सुलिनची तपासणी बहुधा तिथं होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. सुई नीट लागली नाही, तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं विकर (एन्झाइम) इन्सुलिन तोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. एप्रिल-मेच्या उन्हात थंड पेटीशिवाय मोटारसायकलवरून गेलेल्या नमुन्यावर कितपत विसंबायचं? साखरेचंही तेच. फ्लोराइडच्या बल्बमध्ये रक्त न घेता साध्या बल्बमध्ये ठेवलं तर पेशी साखर खात राहतात आणि ती तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे इन्सुलिनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. रोजच्या तपासणीत सरसकट इन्सुलिन मोजा असं मोठ्या संस्था सांगत नाहीत, ते यामुळेच.

वळण आलं ते १९८८ साली. स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या व्यासपीठावर बँटिंग व्याख्यान दिलं. इन्सुलिन-प्रतिरोध, चढं इन्सुलिन, वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), घटलेलं एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), रक्तदाब ही मंडळी एकत्र नांदतात आणि हृदयविकाराकडे नेतात, असं सांगून त्यांनी या जुळणीला सिंड्रोम एक्स म्हटलं. लठ्ठपणा त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवला, कारण बारीक माणसांतही त्यांना प्रतिरोध दिसला होता. आपल्या दृष्टीने त्यांच्या सगळ्या कामात हा भाग मला मोलाचा वाटतो. शिवाय आता इन्सुलिन न मोजताही प्रतिरोधाची चाहूल लागणं शक्य झालं. प्रतिरोध आला की यकृत जास्त चरबी रक्तात सोडतं, ट्रायग्लिसराइड वर जातात, एचडीएल खाली येतं. २००३ साली रीव्हन यांच्याच गटाने दाखवलं, की वजन जास्त असलेल्या माणसांत ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागून ३ किंवा त्याहून जास्त आलं तर प्रतिरोधाची शक्यता बरीच असते. २००८ साली मेक्सिकोच्या संशोधकांनी ट्रायग्लिसराइड आणि उपाशीपोटीची साखर यांच्यापासून टीवायजी हा निर्देशांक काढला. गरीब देशांतल्या बहुतेक लॅबमध्ये इन्सुलिनची तपासणी महाग किंवा अनुपलब्ध असते, हेच कारण त्यांनी दिलं होतं. आपल्या परिस्थितीत बसून कुणीतरी विचार केल्यासारखं ते वाटतं.

लातूर किंवा बीडमधल्या कुठल्याही घरात आज हे दृश्य दिसेल. मोबाइलवर रिपोर्टची पीडीएफ येते, सून वाचून सांगते, "आत्याबाई, साखर नाही निघली." सासू म्हणते, "बरं झालं, माय." आणि मोबाइल बाजूला ठेवला जातो. खालच्या ओळींत ट्रायग्लिसराइड १९० आणि एचडीएल ३४ असे आकडे असतात. भागाकार ५.६. डॉक्टरांनीही कित्येकदा तिथं कोलेस्टेरॉल ठीक आहे एवढंच पाहिलेलं असतं. अर्थात थायरॉइड मंदावणं, दारू, काही औषधं यांनीही ट्रायग्लिसराइड वाढतात, रात्रीच्या पंगतीनंतर सकाळी रक्त दिलं तरी वाढलेले दिसतात. म्हणून एकाच रिपोर्टवर निकाल लावू नये. पण ती ओळ न वाचता सोडून देणं योग्य नाही.

भारतीयांच्या बाबतीत हा इतिहास पुण्यात येऊन वेगळा झाला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं काटकुळी, पण अंगावरची चरबी मात्र टिकून. २००२ च्या निबंधात तर नाळेच्या रक्तातच इन्सुलिन चढं असल्याचं आलं. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुढे २००८ साली याच अभ्यासातून दिसलं, की गरोदरपणात ज्यांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी प्रतिरोध सर्वाधिक होता.

मराठवाड्यासाठी इथं थांबून विचार करावा लागतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांना पन्नाशीत ग्लुकोज इतरांइतकं नीट पेलता येत नाही, असं १९९८ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला. माणसं खडी फोडायला गेली, मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढले, आणि त्या बायांत पोटुशीही होत्या. ती पोरं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. मधल्या काळात शेतातली ज्वारी मागे हटली, सोयाबीन आलं, ताटात रेशनचा गहू-तांदूळ आला, चालणं कमी झालं. पोटात असताना उपाशी आणि नंतर पिठूळ खाण्यावर वाढलेलं शरीर, ही जोडी याज्ञिक आणि पोटातल्या कुपोषणाचा पुढच्या आजारांशी संबंध जोडणारे इंग्लंडचे डेव्हिड बार्कर यांनी सांगितलेल्या धोक्याशी तंतोतंत जुळते. अशा माणसाचं वजन पाहून कुणी त्याला तपासायला पाठवत नाही.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी २०१० पासून निदानासाठी मान्य झालं, ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था. आपल्याकडे ते जपून वाचावं. लोहाच्या कमतरतेच्या पांडुरोगात ते उगाच वर जातं, आणि किनवट-माहूर पट्ट्यातल्यासारखा सिकलसेल असेल तर भरवशाचं राहत नाही. अमिनो आम्लांसारखे नवे निर्देशकही आहेत. अमेरिकेच्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात पाच अमिनो आम्लांनी १२ वर्षं आधी इशारा दिल्याचं २०११ साली आलं. पण त्यांना लागणारी यंत्रं तालुक्याला यायला वेळ लागेल.

रक्ताशिवायची एक खूण मात्र कुणालाही दिसते. दहा-बारा वर्षांच्या पोरीच्या मानेवर काळा, मखमली पट्टा येतो, माय तो मळ समजून घासते आणि तो जात नाही. असा पट्टा आणि इन्सुलिन-प्रतिरोध यांचं नातं १९७६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी नोंदवलं. अशा पोरीच्या घरातल्या थोरांचीही ट्रायग्लिसराइडची ओळ बघायला हवी. आशाताई तीस वर्षांवरच्यांचा तपासणी अर्ज भरताना कंबरेला टेप लावतात, बाईची ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या पुढे गेली की धोक्याचे गुण वाढतात. उपकेंद्रात बोटाला टोचून साखर पाहतात. तीही दिवसातल्या कुठल्याही वेळेची, म्हणजे मोटर बंद पडायच्या आधी ती बहुधा काहीच दाखवत नाही.

भारतात २०२३ साली आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या आकड्यांनुसार १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणं आणि खाणं बदलून मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. त्या ५३१ जणांची साखर मात्र ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी आधीच वर जात होती. त्याच्याही आधीचा माणूस, साखर नॉर्मल, ट्रायग्लिसराइड चढे, कंबर सुटलेली, असा आपल्या गावागावांत आहे. ट्रायग्लिसराइड-एचडीएलची ३ ची रेषा अमेरिकेतल्या माणसांवरून आली, होमाची २.५ चीही आपली नव्हे. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची वैद्यकीय महाविद्यालयं यांच्या लॅबमध्ये रोज उपाशीपोटीच्या रक्ताचे लिपिड रिपोर्ट निघतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांतल्या काही जणांचं इन्सुलिन बर्फाच्या पेटीत नीट जपून मोजलं आणि त्यांना पाच-दहा वर्षं धरून ठेवलं, तर मराठवाड्याच्या माणसासाठी ती रेषा कुठे ओढायची हे इथल्याच रक्तावरून ठरेल.