पाण्याच्या टाकीखालचा पार

आमच्या गावात कडुलिंबाखाली पार आहे, दगडी, चांगला ऐसपैस, पण संध्याकाळी तिथं आता तीन म्हातारे अन् एक कुत्रं असते. बाकी गाव कुठं? शाळेमागं टेकाडावर, पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर, तिथं रेंज येते ना! कापसाचा भाव तिथंच समजते, कोणाच्या पोरीचं जमलं तेही तिथंच, भांडणंसुद्धा.

लोक म्हणतात मोबाईलनं बैठक मोडली. मले वाटते मोडली नाही, सरकली, आणि कुठं सरकायचं ते रेडिओलहरींनी ठरवलं. ४जीमधली ८५० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३५ सेंटीमीटर लांब असते, २३०० ची फक्त १३. लांब लहर टेकाडाला, घराला थोडा वळसा घालून येते, आखूड अडली की अडलीच. त्यात झाडं. पानात पाणी असते आणि पाणी या लहरी पिऊन टाकते, म्हणून मेळघाटात उन्हाळ्यात साग झडला की जी रेंज मिळते ती पावसाळ्यात मोठमोठ्या पानांआड दुबळी होते. त्याच मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, पण डोंगराला कोण सांगणार!

आता बायांचं पहा. पारावर त्यांना तसंही बसता येत नव्हतं, टाकीवरही नाही येत. आणि घरात वर टिनाचं छप्पर, टिन म्हणजे या लहरींसाठी आरसाच, आलेली लहर परत फेकते, उरलीसुरली मातीच्या जाड भिंती शोषतात. तर आमच्या वहिनीनं काय केलं, सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, उंच बांबूला कापडी पिशवी टांगली, तिच्यात जुना फोन, हॉटस्पॉट चालू. वर टॉवरची रेंज पकडायची अन् वायफायनं खाली दहा-बारा पावलं आणायची, हे तिला कोणी शिकवलं नाही बरं. आता दुपारी शेजारच्या चार-पाच जणी निवडण घेऊन तिथंच बसतात, माहेरी व्हिडिओ कॉल, बचत गटाचा हिशोब, सगळं होते. लिहिता न येणारी आजी व्हॉइस मेसेज पाठवते, तोही चार-चार मिनिटांचा.

परवा अचानक पाऊस आला. दोरीवर कपडे वाळत होते, पोट्टं तिकडं धावलं, तर वहिनी आतून ओरडली, "कपडे राहू दे रे, आधी पिशवी उतरव!"