टेस आणि तिचे दोन पुरुष

इंग्लिश लेखक थॉमस हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' या कादंबरीतला खलनायक कोण, असं विचारलं तर बहुतेक जण अलेकचं नाव घेतील. पैशाचा माज असलेला, मिशांना पीळ देणारा, थकून झोपलेल्या पोरीचा, टेसचा, रानात घात करणारा. माझं बोट मात्र टेसच्या नवऱ्याकडे, एंजल क्लेअरकडे जातं.

लग्नाआधी गोठ्यावर पहाटे दूध काढायला टेस आणि एंजल दोघंच सगळ्यांच्या आधी उठलेले असतात. बाहेर धुकं. तो तिला आर्टेमिस, डिमीटर अशा ग्रीक देवतांच्या नावांनी हाका मारतो. तिला ते रुचत नाही. 'मला टेस म्हणा,' एवढंच ती सांगते. लग्नाच्या रात्री तो आपली लंडनमधली दोन दिवसांची भानगड कबूल करतो आणि ती ताबडतोब माफ करून टाकते. मग ती अलेकची हकीकत सांगते. त्यावर याचं उत्तर काय, तर मी जिच्यावर प्रेम केलं ती तू नव्हेसच! लवकरच स्वारी ब्राझीलला रवाना.

ही दोन मापं हार्डीच्या मनची नव्हती. 1857च्या इंग्लिश कायद्यानुसार बायकोचा व्यभिचार सिद्ध झाला की नवऱ्याला घटस्फोट मिळे. बायकोला मात्र त्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, टाकून देणं असं आणखी काही दाखवावं लागे. ही तफावत 1923पर्यंत टिकली. संमतिवय 13वरून 16 झालं ते 1885 साली, तेही वृत्तपत्रांनी रान उठवल्यावर. (नांदायला न जाणाऱ्या जोडीदाराला तुरुंगात टाकायची सोय इंग्लंडनं 1884 साली काढून टाकली. मुंबईत रखमाबाईंना 1887 साली तीच शिक्षा फर्मावण्यात आली.) आणि याच काळात कॉव्हेन्ट्री पॅटमोर या कवीची कविता घरच्या बाईला देवदूत ठरवून मिरवत होती. हार्डीनं एंजल, म्हणजे देवदूत, हे नाव पुरुषाला दिलं, यात मला तरी खोच दिसते.

संपादकांनीही टेसला एंजलनं वागवलं तसंच वागवलं. मजकूर वाचून एका प्रकाशकानं करार सोडला, दोन मासिकांनी नकार कळवला. शेवटी 1891 साली 'ग्राफिक' साप्ताहिकात कादंबरी क्रमशः आली, पण सोवळं नेसून. रानातल्या रात्रीऐवजी खोट्या लग्नाची फसवणूक आली, टेसला अलेकपासून झालेलं बाळ गायबच झालं. पाणी भरलेल्या वाटेवरून एंजल चार गवळणींना उचलून पलीकडे नेतो, तेही खपलं नाही. हार्डीला तिथे चक्क हातगाडी घालावी लागली! वर्षअखेरीस पुस्तक निघालं तेव्हा त्यानं बहुतेक कापलेलं परत जोडलं आणि टेसला उपशीर्षकातच 'शुद्ध स्त्री' म्हटलं. बोंब उठली ती त्या एका विशेषणावरून.

हार्डी स्वतः तरी या नजरेतून सुटला होता का? 9 ऑगस्ट 1856 रोजी डॉर्चेस्टरच्या तुरुंगाबाहेर मार्था ब्राउनला जाहीर फाशी झाली. मारझोड करणाऱ्या नवऱ्याचा तिनं खून केला होता. सोळा वर्षांचा हार्डी गर्दीत उभा होता. पुढे म्हातारपणी, 1926 साली, त्यानं एका पत्रात ती आठवण लिहिली. पावसाच्या भुरभुरीत लटकलेली, अर्धी गिरकी घेऊन परत फिरणारी ती बाई, आणि अंगासरशी बसलेल्या काळ्या रेशमी झग्यात तिचा बांधा किती उठून दिसत होता, हे सत्तर वर्षांनंतरही तो विसरला नव्हता.