खुलासा : सामान्यांचा इतिहास कॉमिक्समध्ये आला म्हणजे तो काल्पनिकच?

'सामान्य माणसांच्या नोंदीच नसतात, म्हणून त्यांच्या बाजूने देशाचा इतिहास सांगणारी कॉमिक्स म्हणजे निव्वळ कल्पना' असं बरेचदा वाचायला मिळतं. शंका रास्त आहे. राजे-सेनापतींसारखी या लोकांची चरित्रं क्वचितच लिहिली गेली. पण कोर्टातल्या जबान्या, हजेरीपत्रकं, तुरुंगाची रजिस्टरं, जहाजांच्या प्रवासी याद्या यांत ही माणसं नावानिशी सापडतात. अडचण वेगळीच आहे: हे कागद बहुधा कारकुनाने लिहिलेले, त्यामुळे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरलेले असतीलच असं नाही.

पडताळायचं तर एक पान घ्या. चौकटीतलं निवेदन, फुग्यातलं बोलणं आणि चित्र हे तीन वेगळे दावे समजा. निवेदनातली तारीख किंवा आकडा शेवटच्या टिपांत शोधा. टिपाच नसतील तर तिथेच थोडं थांबा. फुग्यातली वाक्यं बहुतेकदा रचलेली असतात. चांगला लेखक तसं प्रस्तावनेत सांगून टाकतो.

चित्र मात्र नीट बघा. गद्यात 'मजूर रात्री परतले' एवढ्यावर भागतं; चित्रकाराला पायात काय, हातात कंदील की मशाल, हे ठरवावंच लागतं. संदर्भाला २० वर्षांनंतरचा फोटो घेतला, की रस्त्यावर विजेचे खांब अवेळीच उगवतात.