फॅशनचे लेदर जॅकेट आणि रायडिंगचे लेदर जॅकेट: मापाची गल्लत

नागपुरात कोणी पहिल्यांदा लेदर जॅकेट घ्यायला निघाले, की दुकानदारापासून मित्रापर्यंत सगळे एकच सल्ला देतात: "भाऊ, एक नंबर मोठंच घ्या. उन्हाळ्यात हवा खेळते आणि हिवाळ्यात आत स्वेटर मावतो." संध्याकाळी फुटाळ्यावर फिरायला जाताना घालायचे जॅकेट असेल, तर या सल्ल्यात काही चूक नाही. पण गाडीवरून पडलो तर अंग वाचावे म्हणून जॅकेट घेतले जात असेल, तर हाच सल्ला त्यातली निम्मीअधिक किंमत पाण्यात घालतो. दोन्ही वस्तू चामड्याच्या, दोन्हींना चेन, बहुधा दोन्ही काळ्याच. म्हणून दोन्हींचे माप एकाच पद्धतीने घ्यायचे असे गृहीत धरले जाते. ही गल्लत इतक्या ठिकाणी आणि इतक्या खात्रीने सांगितली जाते, की ती एकदा नीट सोडवणे मला गरजेचे वाटते.

फॅशनचे लेदर जॅकेट सर्वांच्याच परिचयाचे आहे. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकावर यावी, बाही मनगटाशी संपावी, चेन लावल्यावर पोटावर ताण पडू नये आणि आरशासमोर उभे राहिल्यावर ते शोभून दिसावे, एवढे जमले की काम झाले. गोंधळाचे मूळ असे, की या जॅकेटचा घाट मुळात मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठीच बेतलेला होता. न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉट यांनी १९२८ मध्ये 'परफेक्टो' नावाचे तिरप्या चेनचे जॅकेट बाजारात आणले, ते रायडरसाठीच. पुढे ते रस्त्यावरून फॅशनमध्ये गेले, चामडे पातळ आणि मऊ होत गेले, घाट मात्र तोच राहिला. त्यामुळे आज तिरपी चेन, कमरेचा पट्टा आणि खांद्यावरच्या पट्ट्या पाहून जॅकेट रायडिंगचे आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याने फक्त घाट ओळखलेला असतो.

बाकीचे फरक महत्त्वाचे आहेत, पण ते ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. फॅशनचे चामडे बहुतेक वेळा एक मिलिमीटरच्या आत असते आणि मेंढीचे किंवा बकरीचे असते. रायडिंगचे चामडे सहसा गाईचे किंवा म्हशीचे आणि साधारण १.१ ते १.४ मिलिमीटर जाडीचे असते. घसरताना ज्या भागावर रस्ता लागतो, तिथल्या शिवणींवर चांगल्या रायडिंग जॅकेटमध्ये एकापेक्षा जास्त टिपा असतात आणि त्यांतली एक तरी आत दडलेली असते, म्हणजे वरचा धागा झिजून तुटला तरी शिवण उसवत नाही. आतल्या लेबलवर ईएन १७०९२ हे युरोपीय मानक आणि एएए, एए किंवा ए अशी श्रेणी छापलेली असते, तर आर्मरवर, म्हणजे कोपर-खांद्यांत बसवलेल्या आघात झेलणाऱ्या तुकड्यांवर, ईएन १६२१-१ आणि लेव्हल १ किंवा २ असे उमटवलेले असते. ठरावीक आघाताच्या चाचणीत लेव्हल १ च्या आर्मरमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल आत पोचलेले चालते, लेव्हल २ साठी ती मर्यादा २० आहे. म्हणून कोपर आणि खांद्याला लेव्हल २ च घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. यातले काहीच छापलेले नसेल आणि कोपराच्या खिशात स्पंजाचा तुकडा कोंबलेला असेल, तर विक्रेता काहीही म्हणो, ते फॅशनचेच जॅकेट आहे. हे सगळे दुकानात उभ्याउभ्या तपासता येते. तसे तपासता येत नाही ते माप, आणि खरी फसगत तिथेच होते.

फॅशनचे जॅकेट उभ्या माणसाच्या अंगावर बेतलेले असते आणि रायडिंगचे जॅकेट गाडीवर बसलेल्या माणसाच्या अंगावर. बसलेल्या रायडरची पाठ पुढे कललेली असते, दोन्ही हात समोर लांबवलेले असतात आणि कोपरे किंचित वाकलेली असतात. त्यामुळे रायडिंगच्या बाह्या आधीच पुढे वाकवून शिवतात, पाठीचा पल्ला पुढच्या भागापेक्षा लांब ठेवतात आणि कोपराच्या वर किंवा कमरेच्या मागे ताणल्या जाणाऱ्या चुणीदार पट्ट्या घालतात. असे जॅकेट घालून आरशासमोर सरळ उभे राहिले, की छातीवर चामडे फुगते, बाही मनगट ओलांडून तळहाताच्या मुळापर्यंत येते आणि खांदे मागे न्यायला गेले की समोरून ओढ बसते. गिऱ्हाईक यालाच "फिटिंग बरोबर नाही" असे म्हणते. मग ते नेमके योग्य मापाचे जॅकेट परत ठेवते आणि त्याहून एक नंबर मोठे, उभ्याने छान वाटणारे जॅकेट पसंत करते. गाडीवर बसून हँडल धरले की त्याच मोठ्या जॅकेटची बाही दंडावर गोळा होते, खांद्याची शिवण खाली ओघळते आणि कोपराचे आर्मर कोपराखाली, पुढच्या हातावर जाऊन बसते.

हे आर्मर जवळून पाहिले, की ढिलेपणाचा धोका स्पष्ट होतो. कोपराचा आर्मर म्हणजे आतून खोलगट अशी वाटी असते आणि कोपराच्या हाडाचे टोक तिच्या मधोमध बसलेले असले तरच ती आघात पसरवून घेते. माणूस गाडीवरून पडतो तेव्हा हात, कोपर किंवा खांदा आधी टेकतो आणि लगेच रस्ता त्या भागाला मागे ओढू लागतो. बाही हातालगत बसलेली असेल, तर चामडे आणि हात एकत्र घसरतात. बाहीत जागा असेल, तर रस्ता आधी बाहीला पिळतो, वाटी कोपराच्या बाजूला सरकते आणि हाडाच्या टोकावर उरतो तो चामड्याचा एकच पदर. शिवाय सैल चामड्याच्या घड्या पडतात, त्या रस्त्याला अडकतात आणि शिवणींवर नको तितका ताण येतो. जॅकेट कमरेत सैल असेल तर ते घसरताना वर सरकते आणि पाठ उघडी पडते. हजारो रुपये मोजून घेतलेले जाड चामडे आणि लेव्हल २ चा आर्मर अशा वेळी जिथे हवा तिथे नसतो, आणि मग तो असून नसल्यासारखाच आहे.

"हवा खेळते" या युक्तिवादाला आमच्या शहरात फार मान आहे, म्हणून त्याला वेगळे उत्तर द्यावे लागते. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा जॅकेटच्या पोकळीत शिरणारी हवा अंगापेक्षा गरम असते. ती अंग गार करते ते केवळ घाम वाळवून, आणि घाम वाळायला अंगाला चिकटून बसणारा, घाम शोषून पसरवणारा पातळ बेस लेअर, म्हणजे जॅकेटच्या आत घालायचा कपडा, आणि त्यावर छिद्रे पाडलेले चामडे लागते. ही छिद्रे छातीवर आणि बाह्यांच्या पुढच्या भागावर असतात आणि वारा थेट त्यांतून आत येतो. जॅकेट अंगालगत असेल तर तो वारा बेस लेअरपर्यंत पोचतो. सैल असेल तर चामडे फुग्यासारखे फुगते, फडफडते आणि वर्धा रोडवर ऐंशीच्या वेगाला ती फडफड तासाभरात खांदे दुखवते. व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर थांबल्यावर तर सैल आणि घट्ट दोन्ही जॅकेटे सारखीच तापतात. उकाड्यावर उपाय हवा असेल तर छिद्रांचे जॅकेट घ्यावे, पहाटे निघावे आणि दुपारी गाडी बाजूला लावावी. नंबर वाढवून ऊन कमी होत नाही. स्वेटरचेही तसेच आहे. डिसेंबरच्या थंडीसाठी वारा अडवणारा पातळ थर वरून घालावा किंवा काढता येणारे अस्तर असलेले जॅकेट घ्यावे. रायडिंगचे लेदर लहान मुलांच्या कपड्यांसारखे वाढत्या अंगाचे घ्यायचे नसते.

आता उलट बाजू. "लेदर पसरतं" असे सांगून अगदी श्वास कोंडेल असे जॅकेट गळ्यात मारणारेही भेटतात आणि त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. चामडे वापराने घेरात सैलावते: छाती, दंड, मांडी इथे ते काही आठवड्यांत अंगाचा आकार घेते. लांबीत मात्र ते वाढत नाही. म्हणून नवे जॅकेट छातीभोवती आणि दंडाभोवती चांगले घट्ट लागत असेल, पण पूर्ण श्वास घेता येत असेल, तर ते बरोबर आहे. हँडल धरल्यावर बाही मनगट उघडे टाकत असेल, मुंढा काखेत रुतून बोटांना मुंग्या येत असतील किंवा मान वर केल्यावर कॉलर गळ्यात घुसत असेल, तर ते आखूड आहे आणि कितीही वापरले तरी आखूडच राहील. घट्ट आणि आखूड यांतला हा फरक ज्याला कळला, त्याला माप कळले. आखूडपणा घालवायला मोठा नंबर घेतला, की लांबीबरोबर घेरही वाढतो आणि आपण पुन्हा फिरणाऱ्या आर्मरपाशी येऊन पोचतो. अशा वेळी त्याच घेराचे, पण उंच माणसांसाठी बेतलेले माप मागावे. काही कंपन्या ते वेगळे बनवतात.

पोट सुटलेल्या रायडरची अडचण नेमकी उलटी असते आणि तिच्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. युरोपीय नंबर हा छातीच्या सेंटीमीटरच्या निम्मा असतो, म्हणजे १०० सेंटीमीटर छातीला ५०. पोटावर चेन लागावी म्हणून ५० ऐवजी ५४ घेतले, की खांदे आणि बाह्या त्या मापाच्या होतात आणि वरचे सगळे आर्मर सैल पडते. इथे माझा सल्ला पक्का आहे: खांदे आणि कोपरे बरोबर बसतील तेच माप घ्यावे, कमरेला बाजूच्या पट्ट्यांनी सैल करता येणारे जॅकेट निवडावे, आणि तेही पुरत नसेल तर मापाने शिवून घ्यावे. फक्त छातीचा आकडा देणाऱ्या ऑनलाइन तक्त्यावर विसंबून ऑर्डर देऊ नये. छाती, कंबर, बाही आणि पाठीची लांबी अशी चारही मापे मागावीत, आणि ती बनियनवर, छाती न फुगवता, दुसऱ्या कोणाकडून टेपने घ्यावीत.

खरी तपासणी गाडीवरच होते. आपली गाडी नीट स्थिर उभी करावी, बेस लेअर, जॅकेट आणि ग्लोव्ह्ज घालून बसावे, हँडल धरावे आणि आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवावे. त्याच स्थितीत दुसऱ्याने कोपराचे टोक चाचपून ते वाटीच्या मध्यावर आहे ना हे पाहावे आणि मग आर्मर मुठीत धरून हाताभोवती फिरवून पाहावा. बोटभर हलला तर चालतो, कोपराच्या बाजूला गेला तर जॅकेट परत करावे. इथे गाडीचाही विचार करावा लागतो. आर१५ किंवा आरसी ३९० सारख्या स्पोर्ट्स गाडीवर झुकून बसणाऱ्याला जे स्पोर्ट्स कटचे जॅकेट हातमोज्यासारखे बसते, तेच क्लासिक ३५० सारख्या गाडीवर ताठ बसणाऱ्याच्या गळ्याशी ओढते. दुकानात गाडी नेता येत नसेल, तर निदान खुर्चीवर उलटे बसून, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून एवढे तरी पाहावे.

पँटला हाच नियम, फक्त गुडघा वाकवून: उभ्याने गुडघ्याच्या जरा खाली वाटणारा आर्मर बसल्यावर नेमका गुडघ्यावर येतो आणि उभ्याने बरोबर वाटणारा मांडीकडे सरकतो. अंगात एकसंध सूट हवा, की जॅकेट-पँट वेगळी, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. ट्रॅकवर जाणाऱ्याने एकसंध सूट घ्यावा. बाकीच्यांसाठी कमरेभोवती पूर्ण फिरणाऱ्या चेनने जोडता येणारा दोन भागांचा सूटच योग्य, कारण वर ५० आणि खाली ५२ असे आपल्या अंगाप्रमाणे घेता येते आणि चेन लावली की जॅकेट वर सरकत नाही.

घेतलेले जॅकेट थोडे चुकले असेल तर दुरुस्ती शक्य आहे, पण कुठली ते ठरवून करावी. आर्मरचा खिसा अस्तरात शिवलेला असतो. तो दोन बोटे वर किंवा खाली घेणे हे लेदरची कामे करणारा कोणताही चांगला कारागीर करू शकतो आणि त्याने बाहेरच्या शिवणींना धक्का लागत नाही. दंडाचा घेर आतल्या बाजूच्या शिवणीतून कमी करता येतो, मात्र मजबूत नायलॉनचा धागा वापरायला सांगावे, कारण सुती धागा घामाने कुजतो. खांद्याच्या आणि कोपराच्या बाहेरच्या शिवणी कोणालाही उसवू देऊ नयेत. आणि घामाने भिजलेले जॅकेट गच्चीवर उन्हात टाकू नये. चामडे आक्रसून कडक होते आणि जमवून आणलेले माप बिघडते. ते रुंद हँगरवर, सावलीत, पंख्याखाली वाळवावे.