झिकाचा डास आणि तुमच्या सोसायटीची टाकी

आम्ही पाण्याच्या टाक्या धुतो. पावसाळा लागला की ग्राहक विचारतात, "टाकी धुतली, आता डासांचं टेन्शन नाही ना?" आहे. म्हणून हे पत्रक.

झिका हा डासांमुळे पसरणारा विषाणूचा आजार. महाराष्ट्रात त्याचा पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. 2024 च्या पावसाळ्यात पुण्यात एरंडवणे, मुंढवा भागांत रुग्ण निघाले; शहरातल्या रुग्णांत गरोदर बायकाही होत्या.

हा विषाणू पसरवणारा एडिस डास डेंग्यूचाच. पायांवर पांढरे पट्टे, चावतो मुख्यतः दिवसा. रुग्णाला चावलेल्या मादीच्या अंगात विषाणू वाढून लाळेत उतरायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नंतर ती मरेपर्यंत तो इतरांना देऊ शकते. बहुतेक रुग्णांना काहीच जाणवत नाही, थोड्यांनाच ताप, पुरळ, लाल डोळे, सांधेदुखी. त्यामुळे 'आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी आजारी नाही' यावर विसंबू नका.

खरा धोका गरोदर बाईला, म्हणजे तिच्या पोटातल्या बाळाला. बाळाचं डोकं लहान राहू शकतं, मेंदूची वाढ खुंटू शकते; ब्राझीलमध्ये 2015 साली हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. पहिले तीन महिने जास्त जपायचे, पण नंतरही धोका असतोच. विषाणू शरीरसंबंधातूनही जातो. नवरा साथीच्या भागातून आला असेल, तर बाळंतपणापर्यंत कंडोम वापरावा. हे पत्रकात छापायला संकोच वाटला, तरी छापलं. लस किंवा खास औषध नाही. गरोदरपणात ताप किंवा पुरळ आलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. तापाला अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो.

आता टाकी. एडिसची मादी पाण्याच्या कडेला, ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, भिंती ब्रशनं घासाव्या लागतात. ते आम्ही करतो. झाकण घट्ट बसवणं आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी लावणं सोसायटीनं बघायचं. बिघडलेलं झाकण वर्षानुवर्षं दगड ठेवून चालवणाऱ्या सोसायट्या आम्हाला बऱ्याच माहीत आहेत!

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, पिंप दर आठवड्याला रिकामं करून घासा. धूरफवारणीनं उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात. फक्त धुरासाठी आम्हाला बोलावलंत तर आधी टाकीच दाखवा म्हणू.