फवाऱ्याऐवजी फावडं

पावसाळ्यात आशाताई दारी येतात, टाकीत डोकावतात, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणून बजावतात, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायला सांगतात. या कामाला देशात शास्त्रीय बळ देणाऱ्यांत कीटकशास्त्रज्ञ डॉ. विनोद प्रकाश शर्मा (१९३८–२०१५) यांचं नाव फार वरचं आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, भिंतीभिंतींवर डीडीटी हे कीटकनाशक फवारलं गेलं आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. रोग गेलाच असं धरून यंत्रणा सैलावली. डासही डीडीटीला दाद देईनासे झाले. १९७६ मध्ये रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली.

त्याआधी शर्मा दिल्लीत, जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संयुक्त प्रकल्पात, नर डास निर्बीज करण्याचे प्रयोग करत होते. अशा नराशी जुळलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत. पण परदेशी पैशातून जैविक युद्धाची तयारी चालल्याचा आरोप झाला, प्रकरण संसदेपर्यंत गेलं, सोनीपतचा ठरलेला प्रयोग थांबला आणि १९७५ मध्ये प्रकल्पच संपला. इतक्या वर्षांची मेहनत अशी वाया जाणं मला आजही जिव्हारी लागतं.

पुढे मलेरिया संशोधन केंद्राचे प्रमुख असताना शर्मांनी १९८३ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, नडियाद तालुक्यात वेगळीच वाट धरली. कालव्यांचा, भातशेतीचा हा मुलूख. तिथल्या डासांवर डीडीटीच काय, इतर कीटकनाशकंही चालेनाशी झाली होती. मग फावडी निघाली. खड्डे बुजवले, गटारांना उतार दिला, तळ्यांत गप्पी सोडले, वापरात नसलेल्या विहिरींत थर्माकोलच्या मण्यांचा थर पसरला. घरोघरी फिरून तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घेतले, रांजण-माठ तपासले. गावकऱ्यांना सोबत घेतल्यावाचून यातलं काहीही टिकलं नसतं, आणि माझ्या मते शर्मांची खरी थोरवी हे ओळखण्यात आहे.

केंद्राचं काम गोव्यातही झालं. तिथे शत्रू वेगळा: विहिरी, टाक्या आणि बांधकामांवरच्या साठवणीत वाढणारा शहरी डास. पण हिशेब तोच. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून फेरी आठवड्याची.